गुडघा बदलून गावी आल्यावर : पहिले तीन महिने, क्रमाने

गुडघ्याचा सांधा बदललेल्या माणसाच्या घरी मी पहिल्यांदा जाते तेव्हा बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. पलंगावर आजी, तिच्या गुडघ्याखाली जाड उशी, पोटरीला तेल चोळत बसलेली सून आणि भोवती भेटायला आलेली पाच-सहा माणसं. सगळी मायेनेच वागत असतात. पण उशी, तेल आणि माणसांचा गराडा, या तिन्ही गोष्टी त्या गुडघ्याचं नुकसान करत असतात.

देवगड-मालवण भागात घरोघर जाऊन फिजिओथेरपी देणं हे माझं काम. इथल्या माणसाची शस्त्रक्रिया बहुधा कोल्हापूर, मुंबई, गोवा नाहीतर बेळगावला होते. टाके काढून झाले की डॉक्टरांची पुढची भेट महिनाभराने, आणि गुडघा पुढे किती वाकणार हे नेमकं त्याच महिन्यात ठरतं. तेव्हा रुग्ण असतो वाडीतल्या घरात, जांभ्याच्या पायऱ्या, उंच उंबरठे आणि परसातला संडास यांच्यामध्ये. रुग्णालयात मिळालेल्या छापील कागदावर यातलं काहीच नसतं.

मला सर्वात जास्त दिसणारी चूक क्रमाची आहे. आधी सूज उतरवायची, त्याच वेळी पाय पूर्ण सरळ करायचा, मग वाकवणं वाढवायचं, मग चालण्याचं अंतर, आणि सर्वात शेवटी चढ-उतार. लोक चालण्यापासून सुरुवात करतात. रोज अंगणात फेऱ्या मारतात, सूज वाढते, सुजेमुळे गुडघा वाकत नाही, आणि दीड महिन्याने कळतं की पाय धड सरळही होत नाही.

इशारा : हा लेख गुडघ्याचा पूर्ण सांधा बदललेल्यांसाठी आहे. खुब्याची शस्त्रक्रिया, किंवा पडून हाड मोडल्यावर घातलेली पट्टी-रॉड, यांचे नियम वेगळे असतात. मोडलेल्या हाडावर कधी दीड-दोन महिने अजिबात वजन द्यायचं नसतं. खुबा बदलल्यावर पायावर पाय टाकणं, खाली वाकणं आणि पाय आत वळवणं यांवर बहुधा काही आठवडे बंदी असते. शेजारच्या काकूंचा व्यायाम पाहून आपला ठरवू नका. आणि तुमच्या सर्जनने यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

टप्पा १ : शस्त्रक्रियेच्या तीन-चार आठवडे आधी

वेळ निवडणं हातात असेल तर दिवाळीनंतरची निवडा. भातकापणी उरकलेली असते, अंगण सुकलेलं असतं, पायऱ्यांवर शेवाळ नसतं. जूनमध्ये गुडघा बदलून भर पावसात घरी आलेल्या माणसाचे पहिले दोन महिने घसरण्याच्या भीतीतच जातात. गणपतीच्या आधी महिनाभरही नको. घर माणसांनी भरतं आणि रुग्ण दिवसभर पाय खाली सोडून पाहुण्यांशी बोलत बसतो.

पायाची त्वचा नीट पाहा. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. त्या, पायावरची छोटी जखम, कुजलेलं नख किंवा दातातला पू शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना दाखवा आणि बरं करून घ्या. नव्या सांध्यात जंतू गेले तर ते काढणं फार अवघड जातं. साखर असेल तर ती आधीच आटोक्यात आणा, जखम भरण्याशी तिचा थेट संबंध आहे.

मग घर. टेप घेऊन बसा आणि या गोष्टी पाहा :

१. दरवाजे. वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो. जुन्या घरात माजघराचं किंवा न्हाणीचं दार त्याहून अरुंद निघतं. दार ठेंगणं असेल तर आणखी पंचाईत. डोकं वाकवताना तोल पुढे जातो आणि हात वॉकरवर अडकलेले असतात. शक्य असेल तर पलंग अशा खोलीत हलवा जिथून संडास-न्हाणीपर्यंत एकही ठेंगणं दार लागणार नाही.

२. उंबरठे. दोन इंचांपर्यंतचा उंबरठा चालतो. त्याहून उंच असेल तर दोन्ही बाजूंना सुताराकडून उतरती फळी पक्की ठोकून घ्या. नुसती टेकवलेली फळी सरकते.

३. झोपण्याची जागा. बाज नको, ती मध्ये खोल जाते आणि तिच्यावर पाय सरळ होत नाही. जमिनीवरची गादीही नको. टणक पलंग हवा, आणि काठावर बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकून गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील एवढी त्याची उंची हवी. बहुतेकांना १८ ते २० इंच बरोबर बसते.

४. खुर्ची. हात असलेलीच घ्या. प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत लादीवर उठताना मागे सरकते, म्हणून तिची पाठ भिंतीला लावून ठेवा.

५. संडास. भारतीय पद्धतीचा संडास या काळात वापरता येणार नाही. कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते. संडास परसात असेल तर रात्रीपुरती ती खोलीतच ठेवा. अंधारात, पावसात, हातात छत्री आणि वॉकर घेऊन परसात जाण्याची वेळ कुणावर येऊ देऊ नका.

६. उजेड. वीज जाणारच आहे हे धरून चला. पलंगाजवळ, न्हाणीत आणि मधल्या वाटेवर चार्जिंगचे दिवे हवेत.

७. पायऱ्या आणि खळं (घरापुढचं अंगण). जांभ्यावरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा. पायऱ्यांवर टाकलेलं गोणपाट उचला. घसरू नये म्हणून ते टाकतात, पण ओलं गोणपाट पायाखालून सरकतं आणि वॉकरचा पाय त्यात अडकतो. निदान एका बाजूला बांबूचा किंवा पाइपचा कठडा रोवून घ्या.

व्यायामही आत्ताच शिकायचे. दुखऱ्या पायाने जेवढं जमेल तेवढं मांडी आवळणं, पाय सरळ उचलणं, वॉकर घेऊन चालणं. शस्त्रक्रियेनंतर दुखत असताना नवं काही शिकणं जड जातं. आधी हातापायाला सवय असेल तर दुसऱ्या दिवशी नर्सने उभं केल्यावर माणूस घाबरत नाही.

तपासणी : रुग्णाला पलंगावरून उठवून वॉकर घेऊन संडासापर्यंत आणि परत चालवून पाहा. जिथे थांबावं लागलं किंवा कुणाचा हात धरावा लागला ती जागा अजून दुरुस्त व्हायची आहे.

टप्पा २ : रुग्णालय सोडताना आणि प्रवासात

घाईघाईने बिल भरून निघण्याआधी ही कामं उरका. तिथल्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम करून घेताना रुग्णाचाच व्हिडिओ मोबाइलवर काढा, आवाजासकट. वाडीत रेंज नसली तरी तो दिसतो, आणि दुसऱ्या कुणाच्या गुडघ्याचा व्हिडिओ पाहण्यापेक्षा शंभर पटीने उपयोगी पडतो. रक्त पातळ ठेवण्याची गोळी किंवा इंजेक्शन किती दिवस, टाके कोणत्या तारखेला काढायचे, ते गावाजवळच्या दवाखान्यात काढले तर चालतील का, आणि पायावर पूर्ण वजन द्यायचं की अर्धं, हे लिहून घ्या.

वॉकरची उंची तिथेच लावून घ्या. ताठ उभं राहून हात सैल सोडले की मनगटाची वळी जिथे येते तिथे मूठ हवी. कोपर किंचित वाकलेलं राहतं. उंची कमी असेल तर माणूस ओणवा चालतो आणि गुडघा कधीच पूर्ण सरळ पडत नाही. गावी चाकांचा वॉकर घेऊ नका, खळ्यातल्या मातीवर आणि उताराला तो हातातून पळतो.

फोंडा, करूळ, आंबोली किंवा आंबा, कुठल्याही घाटाने या, गाडीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवून बसा. मागच्या सीटवर आडवं निजवून आणण्याची पद्धत आहे, पण वळणावर शरीर घसरतं आणि गुडघ्याला हिसका बसतो. दर तासाला गाडी थांबवून वॉकर घेऊन चार पावलं चालायचं. बसल्या बसल्या पावलं वर-खाली हलवत राहायचं. रेल्वेने येणार असाल तर आपल्या स्टेशनवर फलाट डब्याच्या पातळीला आहे का हे आधी पाहून घ्या. फलाट खाली असेल तर रेल्वेचा नाद सोडा.

टप्पा ३ : पहिले दोन आठवडे – सूज आणि सरळ पाय

या दोन आठवड्यांत यश कसं मोजायचं? चाललेल्या अंतरावरून नाही. सूज किती उतरली आणि पाय किती सरळ झाला, एवढंच पाहायचं.

पाय वर ठेवणं. पडून असताना पूर्ण पाय उशांवर, टाच छातीपेक्षा थोडी वर. उशी पोटरीपासून टाचेपर्यंत. गुडघ्याखाली नुसती एक उशी कधीच नाही. "उशी ठेव गे तिका, बरा वाटतला," असं प्रत्येक भेटायला आलेली बाई सांगते, आणि बरं वाटतंही. वाकलेल्या स्थितीत सांध्यातल्या द्रवाला जागा मिळते म्हणून दुखणं कमी होतं. पण रोज तसंच निजलं की मागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण त्या वाकलेल्या मापातच आखडतं. न वाकणारा गुडघा त्रास देतो. पण सरळ न होणारा गुडघा प्रत्येक पावलाला लंगडायला लावतो, मांडी थकवतो आणि कंबरही धरतो.

बर्फ. दिवसातून चार-पाच वेळा, १५ ते २० मिनिटं, मधे सुती कापड ठेवून. घरच्या फ्रिजात बर्फ पुरत नसेल तर जेटीवरचा किंवा मासळीबाजारातला बर्फही चालतो. फक्त तो जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, वर टॉवेल गुंडाळून वापरायचा. वितळलेलं पाणी जखमेच्या पट्टीला लागता कामा नये. शेक देऊ नका. निरगुडीच्या पाल्याचा शेक जुन्या दुखण्याला देतात म्हणून इथेही देतात, आणि संध्याकाळी गुडघा टरारून फुगतो.

व्यायाम. दिवसातून तीन वेळा, वेदनाशामक गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, या क्रमाने :

१. पावलं वर-खाली. जाग आहे तोवर दर तासाला २० वेळा. पोटरी हा पंपच आहे, तो रक्त वर ढकलतो. तिन्ही वेळच्या व्यायामाव्यतिरिक्तही हे चालूच ठेवायचं.

२. मांडी आवळणं. पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, वाटी वर सरकलेली दिसली पाहिजे. मनात पाच आकडे मोजून सोडायचं. १० वेळा. शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू जणू झोपतो, पहिल्या दिवशी काहीच हलत नाही. घाबरू नका, चांगल्या पायाची मांडी सोबत आवळा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हालचाल दिसू लागते.

३. टाच उंच, गुडघा अधांतरी. टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा आणि पोटरी हवेत. स्वतःच्या वजनाने गुडघा हळूहळू खाली जातो. पाच मिनिटांपासून सुरू करून दहा-पंधरापर्यंत न्यायचं. हा सर्वात कंटाळवाणा आणि सर्वात जास्त टाळला जाणारा व्यायाम. मी मात्र दुसरं काही चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका, असं सांगते.

४. टाच सरकवणं. निजून टाच कुल्ल्याकडे ओढायची, सोसेल तिथे पाच आकडे थांबायचं, परत सरळ करायचं. १० ते १५ वेळा. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की चादरीवर अडत नाही.

५. सरळ पाय उचलणं. मांडी आधी आवळायची, मगच पाय वीतभर उचलायचा. उचलताना गुडघा वाकत असेल तर स्नायू अजून तयार नाही. क्रमांक २ वाढवा आणि हा दोन दिवस थांबवा.

चालणं घरातल्या घरात, दर दीड-दोन तासांनी पाचेक मिनिटं. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. टाच आधी टेकवायची. बोटांवर उड्या मारत चालू नका.

तपासणी : रोज सकाळी उठण्याआधी शिंप्याच्या टेपने वाटीच्या मधोमध घेर मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आकडा काल-परवापेक्षा वाढला असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. त्या दिवशी चालणं निम्मं करा, पाय वर ठेवणं आणि बर्फ वाढवा, क्रमांक १ ते ३ तसेच ठेवा. दुसरी तपासणी सरळपणाची. पाय पलंगावर सरळ ठेवून मांडी आवळा आणि गुडघ्याखालून एक जाड कागद ओढून पाहा. कागद अडकला तर छान. सहज निघाला तर क्रमांक ३ ला आणखी वेळ द्या.

इशारा : पोटरी एकाएकी दुखू लागली, टणक आणि गरम झाली, सूज मांडीपर्यंत चढली, तर शिरेत रक्ताची गाठ झाली असू शकते. अशा पोटरीला तेल लावून चोळणं धोक्याचं, कारण गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून या काळात पोटरी कुणीच चोळायची नाही, वैदूने नाही आणि घरच्यांनीही नाही. दम लागला, छातीत दुखलं तर उद्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली यासाठी त्याच दिवशी सर्जनला फोन करा. गावातल्या मेडिकलमधून प्रतिजैविकाची गोळी आणून वाट पाहू नका, तिने लक्षणं झाकली जातात आणि निदान लांबतं.

काही गोष्टींना मात्र घाबरायचं कारण नाही. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर लागते. चालताना आतून टक्टक् आवाज येतो, तो धातू आणि प्लॅस्टिकचा असतो. गुडघा दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, कित्येक महिने. रात्री जास्त ठणकतं आणि झोप मोडते. हे सगळं हळूहळू कमी होत जातं.

जेवणाबद्दल एवढंच की मासे बंद करू नका. जखम चिघळेल म्हणून शस्त्रक्रियेनंतर मासे, अंडी तोडायची आणि पेज-लोणच्यावर ठेवायचं, ही समजूत घरोघर आहे. जखम आणि स्नायू भरायला प्रथिनं लागतात. बांगडा, सुरमई, अंडं, कुळथाची पिठी, डाळ, दही, जे खात असाल ते खा. फक्त ज्याची आधीपासूनच ॲलर्जी आहे ते टाळा. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून पाणी आणि भाजी वाढवा. किडनीच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं? सकाळ-संध्याकाळ एक वेळ ठरवा आणि तेवढ्या वेळातही रुग्णाने पाय वर ठेवूनच बोलावं. माणूस आलं की पाय खाली सोडून नीट बसायचं, हा मान आपल्या रक्तात आहे. पण तीन तास लोंबकळलेला पाय संध्याकाळी दुप्पट दिसतो. मी घरातल्या कुणा एकाला हे काम देते : पाहुण्यांना हात जोडून सांगायचं की आजी पडूनच बोलतील.

टप्पा ४ : तिसरा ते सहावा आठवडा – वाकवणं

टाके बहुधा दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास निघतात. त्यानंतर वाकवण्याला जोर द्यायचा. सपाटीवर चालायला गुडघा ६५ अंशांच्या आसपास वाकावा लागतो, पायऱ्यांसाठी सुमारे ९०, खुर्चीतून हात न टेकता उठायला त्याहून थोडा अधिक. सहाव्या आठवड्यापर्यंत ९० च्या पुढे जाऊन १०० ते ११० च्या दिशेने सरकणं, असं लक्ष्य ठेवा.

मुख्य व्यायाम खुर्चीतला. पाठ टेकून बसा, ऑपरेशनच्या पायाची टाच जमिनीवरून मागे सरकवा. थांबली की चांगला पाय तिच्यापुढे आडवा लावून हळू ढकला. ताण आला की २० ते ३० आकडे थांबा, श्वास सोडा, आणखी अर्धा इंच ढकला. मग तसंच पाऊल जमिनीला चिकटवून ठेवून कंबर खुर्चीत पुढे सरकवा, गुडघा आपोआप आणखी वाकतो. पाच वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. कंबर एका बाजूला उचलून फसवू नका, दोन्ही कुल्ले बैठकीवर टेकलेले हवेत.

दुखेलच. किती सोसायचं याचा माझा हिशेब असा : दहापैकी चार-पाच इतकं दुखणं आणि ते तासा-दोन तासांत ओसरणं, हे योग्य. रात्रभर ठणका लागला आणि सकाळी टेपवर घेर वाढला, तर जास्त झालं. दोघांनी धरून पाय जबरदस्तीने वाकवण्याचा प्रकार मी दोन घरांत पाहिला आहे. दोन्ही ठिकाणी गुडघा आठवडाभर मागे गेला, आणि रुग्णाच्या मनात जी भीती बसली ती काढायला त्याहून जास्त दिवस गेले.

वाकवण्याच्या नादात सरळ करणं सोडू नका. वाकवून झालं की शेवटी दहा मिनिटं टाचेखाली गुंडाळी, हे रोजचं.

तपासणी : खुर्चीत बसून टाच जास्तीत जास्त मागे घ्या. नडगी गवंड्याच्या ओळंब्यासारखी उभी झाली की ९० अंश. बोटांच्या टोकाशी खडूने रेघ मारा आणि तारीख लिहा. रेघ आठवड्या-आठवड्याला मागे सरकली पाहिजे.

इशारा : चौथ्या आठवड्यातही नडगी उभी होत नसेल किंवा दहा दिवस रेघ जागची हलली नसेल, तर सहाव्या आठवड्याच्या भेटीची वाट पाहू नका, सर्जनला कळवा. आखडलेला गुडघा भूल देऊन वाकवता येतो, पण तो उपाय पहिल्या दोन-तीन महिन्यांतच नीट लागू पडतो. "हळूहळू वाकेल" म्हणत सहा महिने घालवून आलेल्यांसाठी फार थोडं करता येतं.

जखम पूर्ण सुकून खपल्या पडेपर्यंत आणि डॉक्टरांनी होकार देईपर्यंत विहिरीवर, ओहोळात किंवा समुद्रात पाय बुडवायचा नाही. समुद्राचं पाणी जखमेला चांगलं असतं असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

टप्पा ५ : वॉकरकडून काठीकडे, आणि पायऱ्या

वॉकर कधी सोडायचा हे तारखेवर नाही, लंगडण्यावर ठरवा. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काठीवर येतात. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. उजवा गुडघा बदलला असेल तर डाव्या हातात. जवळजवळ प्रत्येक जण ती दुखऱ्या बाजूला धरतो आणि शरीर तिकडेच कलतं. काठी आणि ऑपरेशनचा पाय एकाच वेळी पुढे पडले पाहिजेत. काठीशिवाय दहा पावलांत लंगड दिसली तर काठी आणखी आठवडाभर ठेवा. चारचौघांत काठी घेऊन जायची लाज वाटते म्हणून सोडणारे पुढे लंगडण्याची सवयच लावून घेतात, आणि ती गुडघा बरा झाल्यावरही जात नाही.

वॉकरच्या आणि काठीच्या रबरी टोप्यांकडे लक्ष द्या. खळ्यातून आत येताना त्या ओल्या असतात आणि गुळगुळीत लादीवर साबणासारख्या सरकतात. दाराशी फडकं ठेवा, आत येण्याआधी पुसा. झिजून खाचा गेल्या की लगेच बदला, औषधाच्या दुकानात सहज मिळतात.

पायऱ्यांचा नियम : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी नेहमी ऑपरेशनच्या पायासोबत. दोन्ही गुडघे एकदम बदलले असतील तर ज्या पायात जास्त जोर वाटतो तो चांगला धरा. एका पायरीवर दोन्ही पाय आणून मगच पुढची पायरी. कठडा असेल तर एक हात त्यावर. सोबतच्या माणसाने उतरताना एक पायरी खाली आणि चढताना एक पायरी मागे राहावं. दंड धरून ओढू नये, कमरेच्या पट्ट्याला किंवा कंबरेला हात लावावा.

हा सराव आधी पडवीच्या दोन-तीन पायऱ्यांवर. पाखाडी, म्हणजे उतारावरची दगडी पायऱ्यांची वाट, सर्वात शेवटी. तिच्या पायऱ्या एकसारख्या नसतात, एक चार बोटं उंच तर दुसरी हातभर, आणि कठडा नसतो. रस्त्यावरून घरापर्यंत पाखाडीच असेल तर तपासणीला जाण्याच्या दिवशी खुर्चीत बसवून दोघांनी उचलून न्यावं. त्यात कमीपणा काही नाही. मी सहाव्या आठवड्याआधी कुणालाही पाखाडी एकट्याने उतरू देत नाही, आणि पाऊस पडून गेला असेल तर त्यानंतरही नाही.

तपासणी : पडवीच्या पायऱ्या तीन वेळा चढून-उतरून या. दुसऱ्या दिवशी घेर वाढला नाही, तर पाखाडीच्या वरच्या पाच पायऱ्या.

टप्पा ६ : सहा आठवड्यांनंतर – घरातली कामं

आता ताकद वाढवायची. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस १० वेळा, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर तोल सांभाळणं, बुटक्या पायरीवर ऑपरेशनच्या पायाने चढणं. सपाट रस्त्यावर १५ मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालणं. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, मात्र तीन महिने तरी नाही. वाळू पायाखाली सरकते आणि थकलेला गुडघा मुरगळतो.

स्वयंपाकघराबद्दल बायकांशी मला सर्वात जास्त बोलावं लागतं, कारण त्यांच्या हातचं काम कुणी घेत नाही. जमिनीवरचा आडाळा (विळी) उचलून ओट्यावर बसवायचा, मासे कापणं आणि खोबरं खवणं उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून करायचं. मोरीत उकिडवं बसून भांडी घासणं बंद. विहिरीवरून भरलेली कळशी काखेत घेऊन येणं निदान तीन महिने दुसऱ्या कुणाचं काम. हे तिला न सांगता घरातल्या पुरुषांना बसवून सांगा, नाहीतर ती दहाव्या दिवशी पुन्हा मोरीत दिसते.

स्कूटर, मोटारसायकल साधारण सहा आठवड्यांआधी नाही, आणि तीही सर्जनने परवानगी दिल्यावर. मागे बसून जाणाऱ्यांनी एका बाजूला पाय सोडून बसू नये. चिखलातली लावणी, माडावर चढणं, डोक्यावर भारा घेऊन घाटी उतरणं यापुढे करायचं की नाही, हे सर्जनला स्पष्ट विचारा. माझा अनुभव असा की विचारलं नाही तर ते सांगत नाहीत, आणि सांगितलं नाही तर माणूस जातोच.

यापुढे दातांचं काही काम निघालं तर दंतवैद्याला कृत्रिम सांधा असल्याचं आधी सांगा.

जमिनीवर बसण्याचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. पूजेला, पंगतीला, भजनाला. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं सर्जनच्या परवानगीशिवाय नाही, आणि बहुतेक जण ते टाळायलाच सांगतात. पण जमिनीवरून उठता आलं पाहिजे, कारण कधीतरी माणूस पडतं किंवा खाली बसावंच लागतं. तिसऱ्या महिन्यानंतर हे फिजिओथेरपिस्टसमोर शिका. जवळ जड खुर्ची किंवा पलंग हवा. एका कुशीवर वळायचं, दोन्ही हात खुर्चीवर टेकवायचे, चांगला गुडघा खाली घडी केलेल्या गोधडीवर टेकवायचा, ऑपरेशनचा पाय पुढे पाऊल टेकवून ठेवायचा, आणि हातांवर भार देत उठायचं. सोबतच्याने काखेत हात घालून उचलू नये, फक्त खुर्ची घट्ट धरून ठेवावी. पहिल्यांदा पलंगावरच्या गादीवर, मग सतरंजीवर, आणि घरात कुणी नसताना कधीच नाही.